खरवतीची पानं

पाऊस जातो आणि जाताना मागे एक धुतलेलं, टोचणारं ऊन ठेवून जातो. खोपटच्या बाजूची भातं पिवळी पडू लागतात. खाडीकडून वारा आला की मिठागरांच्या बांधांवर नव्याने लिंपलेल्या चिखलाचा वास येतो. घरोघर घट बसवायची गडबड असते. आणि अशा एखाद्या सकाळी पारसिकच्या डोंगरावरून उतरून, कळव्याला खाडी ओलांडून, ठाकरीण टेंभी नाक्याजवळच्या आमच्या ओटीसमोर येऊन उभी राहते. डोक्यावर खरवतीच्या पानांचा भारा.

"पाना हानलीत," ती म्हणते. विचारत नाही, सांगते.

यंदाही आली. मी म्हटलं, "नकोत आता." तिने भारा काही उतरवला नाही. माझ्या खांद्यावरून आत बघत म्हणाली, "बाय कुठं हाय?"

"बाय गेली. श्रावणात."

मग तिने भारा खाली ठेवला आणि पायरीवर टेकली. पदराने तोंड पुसलं. समोरच्या धुळीकडे पाहत, जणू दुसऱ्याच कोणाबद्दल बोलत असावी तसं म्हणाली, "येका साली मला बोल्लेली, फुडल्या साली पाना कल्यानला हान, मी तिकडं ऱ्हानार हाय. मंग गेलीच नाय. मी बी कदी इचारलं नाय."

मी भारा घेतला. पानांनी घासणारं आता घरात कोणी नाही, तरी घेतला. मागच्या पडवीत नेऊन सोडला, तर तो वास उठला, हिरवा, उग्र, थोडा तुरट. त्या वासाबरोबर ते एक साल असं अंगावर आलं की मी तिथेच जमिनीवर बसलो. हे जे लिहितो आहे ते त्या वासापायी. इतकी वर्षं मी हे कोणाजवळ बोललो नव्हतो. कोणाला ठाऊक नाही, असंच धरून चाललो होतो.

ज्यांनी खरवत पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. हे काही कौतुकाचं झाड नव्हे. ओढ्याकाठी, खडकाच्या फटीत उगवतं, फळं पाखरं खातात, सावलीलाही कोणी बसत नाही. पण त्याच्या पानावरून बोट फिरवा, मांजराने हात चाटल्यासारखं वाटेल. आम्ही कातारी. लाकूड फिरतं ठेवून त्याला हत्यार लावायचं आणि वाडगे, डबे, पलंगाचे खूर काढायचे, हा आमचा घरचा धंदा. हत्याराने वाडग्याला आकार येतो, पण अंगावर हत्याराच्या रेघा राहतात. त्या काढायला आधी मुशीचं कातडं, म्हणजे तो खरबरीत कातडीचा मोठा मासा असतो ना, त्याचं, आणि शेवटी खरवतीचं पान. पान अश्विनातच तोडावं. त्याआधी ते कोवळं असतं, नुसतं लोळतं. कार्तिक सरला की त्याची धार बसते आणि मुठीत धरलं तर चुरा होतो. सावलीत, दगडाखाली दाबून वाळवायचं. वापरण्याआधी पाण्याचा एक शिपका. शास्त्र म्हणाल तर एवढंच. बाकी सगळं बोटांत.

आणि बोटं होती माझ्या बहिणीची.

भागू माझ्याहून धाकटी. लग्न होऊन भिवंडीकडे गेली आणि पटकीच्या साथीत नवरा गेला तशी माघारी आली. पदरी मूल नाही, अंगावर धड वस्त्रही नाही. आई-वडील आधीच गेलेले. घरात मी, माझी बायको द्वारका आणि आता ही. आल्याच्या दुसऱ्या दिवशी पडवीत येऊन तिने सांगाड्याची दोरी हातात घेतली. सांगाडा म्हणजे लाकूड ज्यात फिरतं ती चौकट. दांड्याच्या टोकाला लाखेने लाकूड चिकटवायचं, दांड्याला दोरीचे वेढे द्यायचे, आणि समोर बसलेल्याने ती दोरी एकदा या हाताने, एकदा त्या हाताने ओढायची. लाकूड एक फेरा इकडे घेतं, एक फेरा तिकडे. हत्यार एकाच फेऱ्याला कापतं. पान मात्र दोन्ही फेऱ्यांना चालतं.

तेव्हा आमची वाटणी अशी झाली. मी कातायला बसलो की दोरी तिच्या हातात. ती घासायला बसली की दोरी माझ्या हातात. "आता कसा," ती म्हणायची, "सकाळभर मला ओढायला लावलंस ना? ओढ आता. आणि झोके देऊ नकोस, वाडगा आहे, पाळणा नव्हे."

तिचा एकच नियम होता, आणि तो ती मला, द्वारकेला, पडवीत डोकावणाऱ्या कोणालाही ऐकवायची. दोरी थांबली की हात उचलायचा. लाकूड फिरत असेल तोवर कातडं आणि पान सगळ्या अंगावरून सारखं जातं. लाकूड थांबलं आणि हात तिथेच राहिला, की एका जागी खळगा पडतो. डोळ्याला दिसत नाही, पण बोटाला कळतो, आणि मग तो काढायचा तर सगळी भिंतच तेवढी उतरवावी लागते. "एका जागेचं दुःख साऱ्या वाडग्याला," असं ती म्हणायची आणि आपल्याच बोलण्याला हसायची. मी कधी शिंकायला थांबलो तरी तिचा हात त्याच क्षणी वर उचललेला असे. तसा हात उचलणारं माणूस मी पुन्हा पाहिलं नाही.

मुशीचं कातडं आम्ही चेंदणीच्या कोळणीकडून घेत असू. ते फळीवर खिळे मारून अंगणात वाळत घातलं की साऱ्या आळीतली मांजरं भिंतीवर रांग धरून बसत. द्वारका वैतागायची. "कोणी विचारलं की तुमच्या घरी वाडगे होतात की बोंबील, तर मी काय सांगू?"

"सांग, वाडग्यात बोंबील होतात," आतून भागू.

"तुम्हाला काय वन्सं, तुम्ही हसता. पाणवठ्यावर नाकाला पदर माझ्यासमोर लावतात बायका."

"मग तूही लाव. त्यांना वाटेल वास त्यांच्याकडूनच येतोय."

त्या दोघींचं हसणं पडवीतून ओटीवर यायचं. भागू विधवा होऊन आली होती हे त्या हसण्यात मला ऐकू येत नसे. आता वाटतं, मी ते ऐकायचं टाळत होतो. हसणारं माणूस सुखात आहे असं धरून चाललं की आपल्याला काही करावं लागत नाही.

घासण्याच्या कामाचं एक विचित्र आहे. कातणाऱ्याचं काम दिसतं. हा काठ, ही बैठक, हा गोलावा, सगळं लोक बघतात. घासणाऱ्याचं काम जितकं चांगलं तितकं दिसत नाही. हत्याराच्या रेघा पुसायच्या आणि पुसल्याची खूणही पुसायची. आमच्या वाडग्यांचं नाव झालं ते त्या न दिसणाऱ्या कामाने, आणि नाव झालं ते माझं. ठाण्यातलीच एक ख्रिस्तांव बाई पीठ मळायला वाडगा घ्यायची. एकदा तिने आतून हात फिरवला आणि हात उलटा करून बघितला. "काय रं सखाराम, ह्यात पानी हाय काय? तुजा हात हाय का लोनी?" मी मान खाली घालून हसलो. ती गेल्यावर दाराआडून भागू म्हणाली, "दादा, तुझ्या लोण्याला जरा मीठ लाव, नासेल." तीही हसली, मीही हसलो. पुढल्या वेळी त्या बाईला मी सांगितलं का, की हा हात माझ्या बहिणीचा? नाही सांगितलं. पुढल्या वेळीही नाही, त्याच्या पुढल्या वेळीही नाही.

त्या सालच्या अश्विनात रामजी आला.

रामजी कल्याणचा, आमच्याच जातीचा. पलंगाचे खूर कातायचा. शिवणीचं लाकूड कल्याणच्या वखारीत चांगलं मिळे, ते तो आम्हाला आणून देई. रेल्वे होती, पण ओंडके घेऊन येणाऱ्याला होडीच सोयीची. ओहोटीबरोबर होडी खाली ठाण्याला यायची आणि भरती लागली की तिच्यावर परत कल्याणला जायची. म्हणजे एकदा आला की भरती लागेपर्यंत माणूस अडकलेलाच. अशा अडकलेल्या वेळात तो आमच्या पडवीच्या उंबऱ्यावर बसायचा. बायको बाळंतपणात गेलेली. बोलायला मंद, पण ऐकायला असा बसे की बोलणाऱ्याला उगीच शहाणं झाल्यासारखं वाटावं.

कल्याणच्या बाजूला चांगली खरवत मिळत नाही म्हणून पानं मागायला तो पहिल्यांदा तिच्याशी बोलला. मी दोरी ओढत होतो.

"मला जमेल का हे?" त्याने विचारलं.

"खुरांना काय करायचंय पान? पलंगाखाली कोण हात घालून बघतंय?"

"मी बघतो."

भागूने मान वर केली. "मग जमेल," ती म्हणाली. "एकच ध्यानात ठेवायचं. दोरी थांबली की हात उचलायचा."

"आणि दोरी ओढणारा थांबलाच नाही तर?"

"मग पान संपतं," ती म्हणाली, आणि माझ्याकडे बघून, "ओढ ना दादा, तू काय ऐकत बसलायस."

पुढल्या खेपेला तो लाकडाबरोबर तिच्यासाठी एक ओंडका निराळा घेऊन आला. शिवणीचाच, पण आत काळसर वळण असलेला, पाण्यात भोवरा असावा तसं. "हे कशात तरी वापरा," म्हणाला. आणि त्याच्या पुढल्या खेपेला, दसरा झाल्यावर, ओटीवर बसून त्याने मला सरळ विचारलं. आमच्यात पाट लागतो. विधवा बाईचं पुन्हा लग्न होतं, त्यात लपवण्यासारखं काही नाही. म्हणजे जात आड नव्हती, भाऊबंद आड नव्हते, देवधर्म आड नव्हता. हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण पुढची कितीतरी वर्षं मी मनाशी यांपैकी एकेकाला पुढे करून बघत आलो.

मी रामजीला म्हणालो, "मुंबईच्या व्यापाऱ्याचं मोठं काम अंगावर आहे. ह्या सालचा पानांचा भारा संपू दे. संपला की बोलू."

"संपू दे," तो म्हणाला. "भारा काय, संपतोच." आणि आतल्या दाराकडे बघून हसला. दाराआड पाऊल वाजलं. भागू तिथे होती.

त्यानंतरचे ते दिवस. मला त्या दिवसांचा आवाज आठवतो. मुशीच्या कातड्याचा खर्रर्र, आणि त्यावर पानाचा तो हलका सळसळता, कोरड्या भातातून कोणी चालत जावं तसा. भागू गुणगुणायला लागली होती. काय ते कळत नसे, पण दोरीच्या फेऱ्यावर चालायचं. तिच्या हाताला घाई आली होती, पण काम बिघडत नव्हतं. उलट ते वाडगे तिने आयुष्यात केलेले सगळ्यांत चांगले. तिच्यासाठी आलेल्या काळ्या वळणाच्या ओंडक्याचा एक मध्यम वाडगा मी कातून दिला. "हा विकायचा नाही हं," तिने द्वारकेला सांगितलं. "हा मी नेणार." कुठे ते बोलली नाही. द्वारका तिची वेणी घालत होती, तिने ती जरा घट्ट ओढली, एवढंच. माळ्यावरचा भारा रोज खाली सरकत होता. भागू पानं काढायला शिडीवर चढली की क्षणभर उगीच थांबून भाऱ्याकडे बघे.

मुंबईचा व्यापारी माल बघायला आला होता. वाडग्यातून हात फिरवत म्हणाला, "असं काम चालू ठेवा. दुसरीकडे असं मिळत नाही." जाताना नमुन्याला म्हणून त्याने विलायती काचकागदाचा एक ताव दिला. कागदावर काचेचा चुरा चिकटवलेला. मी तो लावून बघितला. ओरखडे उठले. त्या संध्याकाळी ओटीवर बसून मी पहिल्यांदा स्पष्ट विचार केला की भागू गेल्यावर काय. आणि जे उत्तर आलं त्यात भागू कुठेच नव्हती. नुसते वाडगे होते, रेघा असलेले.

दुसऱ्या दिवशी कळव्याला लाकूड बघायला जातो म्हणून गेलो आणि ठाकरणीकडून पानं आणली. भागू तळ्यावर धुणं न्यायची ती वेळ साधून ती माळ्यावरच्या भाऱ्याच्या खाली सरकवली. पुन्हा गेलो, पुन्हा आणली. मी काही ठरवलं नव्हतं. मनाशी म्हणत होतो, एवढं काम होऊ दे. पण माणूस चोरी करताना असंच म्हणत असेल. भारा संपेना.

कार्तिक उतरणीला लागला होता. ती पानं उशिराची. एकदा घासता घासता भागूने हातातलं पान बोटांत चुरलं आणि त्याचा भुगा तळहातावर बघितला.

"दादा, ही पानं वेगळी लागतात."

"भाऱ्याच्या तळाची ना. दबलीत."

"असेल," ती म्हणाली.

त्या दिवसापासून तिचं गुणगुणणं थांबलं. मी ते ऐकलं नाही असं दाखवलं. द्वारका मात्र रात्री जेवताना म्हणाली, "वन्संना जाऊ द्या हो. माणूस बरा आहे." मी म्हणालो, "तू पाणी वाढ."

मग रामजी आला तो दिवस.

सकाळी आम्ही काळ्या वळणाचा वाडगा लावला होता. तिचा. तिने स्वतःच म्हटलं होतं, "आज हा घेऊ." दोरी माझ्या हातात, मुशीचं कातडं तिच्या हातात. ओटीवरून हाक आली, "सखाराम, आहेस का?" भागूने हात उचलला नाही. आमच्या दोघांच्या नजरा एकमेकांवरून गेल्या. मी दोरी खाली टाकली आणि बाहेर गेलो. ती तशीच बसली होती, वाडग्यात हात घालून.

रामजी म्हणाला, "भारा संपला असेल." मी म्हणालो, "बस."

आणि मग म्हणालो, "तिचं मन नाही. मी विचारलं तिला."

हे मी लिहिलं. इतक्या वर्षांत एकदाही मी हे वाक्य उच्चारलं नव्हतं, मनातसुद्धा नाही. आता लिहिल्यावर ते किती छोटं दिसतं.

"तिनेच सांगितलं?" त्याने विचारलं. आवाज चढवला नाही.

"हो."

त्याने खांद्यावरचं उपरणं नीट केलं. मग म्हणाला, "मग राहिलं." आता तो उठून जाईल असं मला वाटलं. पण जाणार कुठे? ओहोटी चालली होती. होडी भरती लागेपर्यंत हलणार नव्हती. आलेल्या माणसाला ओटीवरून उठवून बंदरावर उन्हात बसवायचं ही आमची रीत नाही. मग आम्ही बसलो. शिवणीच्या भावाबद्दल बोललो. मुरबाडच्या रस्त्याबद्दल बोललो. त्याला गुळाचा खडा आणि पाणी मीच आणून दिलं, द्वारका आजारी बहिणीला बघायला गेली होती. बोलणं संपलं तरी आम्ही बसलो होतो. ओटी आणि पडवी यांच्यात एक खोली, तिची दोन्ही दारं उघडी. पडवीतून काही आवाज येत होता का? मला ऐकू आला नाही. मी तो ऐकत नव्हतो.

शेवटी बंदराकडून होडीवाल्याने हाक दिली. रामजी उठला. दाराशी थांबला, पुन्हा आत बघितलं नाही, आणि गेला.

मी आत आलो. भागू जागेवर होती. वाडगा सांगाड्यावर होता. मी दोरी उचलली.

"कोण होतं?"

"लाकडाचा माणूस. भावाची चौकशी करायला."

तिने कातडं बाजूला ठेवलं, पान घेतलं, पाण्याचा शिपका दिला.

"भरती लागली?" तिने विचारलं.

"लागली."

"ओढ," ती म्हणाली.

मी ओढत राहिलो. भरतीचं का विचारलं याचा मी बराच विचार केला तेव्हा. धुणं वाळत घालायचं असेल, कोळीण यायची असेल. मी ठरवलं की तिने ऐकलं नाही. रामजीचं मन बदललं असं तिला वाटू दे, माणसं तशी असतातच. ठरवलं म्हणजे काय, त्या एका समजुतीवर मी पुढची सगळी वर्षं काढली. अंगणात, जेवताना, तिच्या केसांत पांढरं दिसायला लागलं तेव्हाही. तिला ठाऊक नाही. तिला ठाऊक नाही म्हणजे मी फक्त रामजीशी खोटं बोललो, तिच्याशी नाही. असा हिशोब माणूस करतो.

ती घासत राहिली. पूर्वीसारखंच. थट्टाही करायची कधीकधी. तो वाडगा तिने विकायला ठेवला नाही, पण कुठे नेलाही नाही. त्यात ती भात जेवायची. स्वतः धुवायची, स्वतः पालथा घालायची. दुसऱ्या कोणाला त्याला हात लावू देत नसे, आणि मी ती विधवेची सवय समजलो.

काही वर्षांनी मुंबईचा तोच व्यापारी आला. वाडगे नुसते वरून बघितले. म्हणाला, "आता पान-बिन कशाला? काचकागद मारा नि वर लाखेचा हात द्या. चकाकलं पाहिजे. आतून हात कोण फिरवतंय?" ज्यासाठी मी तिला ठेवून घेतलं होतं ते कोणाला नकोच होतं. सांगाड्यापाशी आता काचकागदाचे ताव पडू लागले. तरी ठाकरीण यायची आणि भागू तिच्याकडून थोडी पानं घ्यायची. कशाला म्हणून मी विचारलं नाही. द्वारकेच्या पोळपाटाला, देव्हाऱ्याच्या पाटाला ती पान लावत बसायची, दुपारची, एकटीच. तिथे कोणी दोरी ओढायला नव्हतं. पाटाला दोरी लागत नाही.

श्रावणात तापाने गेली. चार दिवसांच्या आत. बोलली फारशी नाही.

दिवस झाल्यावर द्वारकेने तो वाडगा माझ्यापुढे ठेवला. "ह्याचं काय करायचं?" मी उचलला. कातारी वाडगा उचलतो तसा, चार बोटं बाहेर, अंगठा आत. अंगठा फिरवला आणि तो एका जागी खाली उतरला.

मी पुन्हा फिरवला. काळ्या वळणाच्या बाजूला, काठाच्या जरा खाली, अंगठ्याएवढा खळगा. चुकून पडलेला नव्हे. खोल, आणि मागाहून पानाने साफ केलेला, कडा मऊ, डोळ्याला मुळीच न दिसणारा. फिरत्या लाकडावर असा खळगा पडत नाही. लाकूड थांबलेलं असावं लागतं, हात न उचलता एकाच जागी कातडं चालत राहावं लागतं, खूप वेळ. मी दोरी टाकून ओटीवर गेलो तेव्हापासून भरती लागेपर्यंत.

तिने सगळं ऐकलं होतं. बाहेर येऊन पाहुण्यासमोर भावाला खोटं पाडलं नाही. आतल्या आत, आवाज न करता, स्वतःच्या नियमावर हात ठेवून बसली. आणि मग मला म्हणाली, ओढ.

द्वारकेने विचारलं नाही काय झालं. तिने माझ्या हातातला वाडगा घेतला, तिचा अंगठा सरळ त्या जागी गेला.

"तुम्हाला आज कळलं होय?" ती म्हणाली. "वन्सं जेवायच्या तेव्हा त्यांचा अंगठा इथेच असायचा. इतकी वर्षं."

"तू बोलली नाहीस."

"तुम्ही पाणी वाढ म्हणाला होतात."

खळगा काढता येतो. भिंत सगळीकडून तेवढीच उतरवायची, वाडगा जरा पातळ होतो, कोणाला कळत नाही. एक दुपार मी तो सांगाड्यावर लावलाही. मग काढून ठेवला.

आणि परवा ठाकरणीने ते कल्याणचं सांगितलं. तेव्हा मी वाडगा धोतराच्या फडक्यात बांधला आणि गेलो. होडीने नाही, रेल्वेने. भरती-ओहोटीची वाट बघायला लागत नाही हल्ली.

रामजी पारनाक्याच्या पलीकडे राहतो. वाकला आहे. मुलं सांगाड्यावर बसतात, तिथेही काचकागदाचे तुकडे पसरलेले. पुढे त्याने दुसरं लग्न केलं होतं. बायको चांगली, हसऱ्या तोंडाची. तिने गूळपाणी आणलं, ठाण्याच्या पाहुण्यांना जेवून जायला सांगितलं आणि चुलीकडे गेली. भागू गेल्याचं मी त्याला सांगितलं. त्याने नुसती मान हलवली. मग मी फडकं सोडलं.

लाकूड त्याने ओळखलं. काळ्या वळणावर नजर गेली तशी त्याच्या तोंडावरून काहीतरी गेलं. उचलला तोही तसाच, चार बोटं बाहेर, अंगठा आत. अंगठा फिरला, आणि थांबला. आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता.

"हे फिरत्यावर झालेलं नाही," शेवटी तो म्हणाला.

"नाही."

"दोरी थांबली होती."

"हो."

"कोणी थांबवली?"

"मी. तू हाक मारलीस म्हणून."

त्याने वर बघितलं. माझ्या बोलण्याची वाट बघत राहिला, पूर्वी ऐकायचा तसाच. मी म्हणालो, "तिने नाही म्हटलं नव्हतं, रामजी. मी तिला विचारलंच नव्हतं. ती आत होती. सगळं ऐकत होती."

तो ओरडेल, उठून जाईल, मला जा म्हणेल, असं काहीतरी मी धरून आलो होतो. त्याने तसं काहीच केलं नाही. चुलीकडून बायकोने विचारलं, "अहो, पाहुण्यांना तिखट चालतं ना?" "चालतं," तो म्हणाला. मग आवाज खाली घेऊन, वाडग्याकडेच बघत, त्याने मला विचारलं,

"आपण किती वेळ बसलो होतो रे, त्या दिवशी, ओटीवर?"

"भरती लागेपर्यंत," मी म्हणालो.

त्याने मान हलवली. अंगठा तिथून काढला नाही.